पायातून येणारे काळे दाणे

प्रश्न : माझे वडील ५८ वर्षांचे, शेतकरी. चार वर्षांपूर्वी त्यांच्या तळव्यात बाभळीचा काटा मोडला. तिथे गाठ आली, दुखत नाही म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. आता पाऊल सुजलंय, चार-पाच तोंडांतून पू येतो आणि त्यात मोहरीहून बारीक काळे दाणे असतात. पुवाची तपासणी झाली, अँटिबायोटिक झाले. एका डॉक्टरांनी पाय कापायला सांगितलंय. घरात लहान मुलं आहेत, त्यांना हे लागेल का?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : मुलांना लागत नाही, ती काळजी आधी सोडा. आणि कापण्याचा निर्णय आज घेऊ नका.

न दुखणारी सूज, वाहणारी तोंडं आणि दाणे, हे त्रिकूट मायसेटोमाचं. मदुराईवरून याला ‘मदुरा फूट’ही म्हणतात, पण हा आजार बुरशीचा, हे १८६० च्या सुमारास मांडलं ते मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकवणाऱ्या हेन्री कार्टर यांनी. मातीतली बुरशी काट्याबरोबर आत जाते. काळे दाणे बहुतेक वेळा बुरशीचेच. पांढरे-पिवळे असते, तर जिवाणूंचाही संशय घ्यावा लागला असता. त्याचे उपचार अगदी वेगळे, म्हणून नुसतं बघून औषध सुरू करणं मला पटत नाही.

वरवरच्या पुवात भलतेच जंतू सापडतात. खोलवरची बायोप्सी हवी, म्हणजे आतल्या भागाचा तुकडा काढून तपासणी. तुकडे दोन घ्यायला सांगा: एक फॉर्मॅलिनमध्ये (तुकडा टिकवून ठेवणारं द्रावण), दुसरा निर्जंतुक सलाईनमध्ये. सगळंच फॉर्मॅलिनमध्ये टाकलं की बुरशी मरते, मग कल्चर, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून ओळखणं, कशाचं करणार? (हे मी सारखं बघते.) कल्चरला काही आठवडे लागतात. हाड कितपत पोखरलंय हे एक्स-रे आणि एमआरआय सांगतील.

बुरशी ठरली तर सहसा इट्राकोनॅझोल हे बुरशीविरोधी औषध, तेही कित्येक महिने, कधी वर्षाहून जास्त. मग उरलेली गाठ शस्त्रक्रियेनं काढतात. कॅप्सूल भरल्या पोटी घ्यायची. वडील अ‍ॅसिडिटीची गोळी घेत असतील तर डॉक्टरांना जरूर सांगा, तिच्यामुळे औषध नीट शोषलं जात नाही. हृदय कमजोर असेल तर तेही. अधूनमधून यकृताची रक्ततपासणी लागेल. सूज उतरली म्हणून मध्येच औषध सोडणारे बरेच असतात, त्यांचा आजार उलटतो.

जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातल्या त्वचारोग विभागात जा. आधीचे सगळे कागद न्या.