गाडी गरम झाली की बंद पडते, अर्ध्या तासाने पुन्हा स्टार्ट होते. पेट्रोल पंपच गेला असेल का?

तुमचं म्हणणं असं, की २००४ ची पेट्रोल गाडी ओंकारेश्वरहून परतताना भेरू घाट चढून आल्यावर बंद पडली. सेल्फ नेहमीसारखा फिरतो, पण इंजिन पकडत नाही. बॉनेट उघडं ठेवून अर्धा तास थांबलं की पहिल्या सेल्फला चालू. पंपाचा आवाज येत नाही म्हणून मिस्त्री म्हणतोय, "भिया, पंप गया."

इतक्यात पंप टाकू नका. पंप गप्प आहे म्हणजे पंप मेलाय, हे इंदूरच्या निम्म्या गॅरेजांत चालणारं निदान मला मान्य नाही. पंपाला करंट देतो रिले (विजेवर चालणारा स्विच), रिलेला हुकूम देतो ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. किल्ली ऑन केल्यावर बऱ्याच गाड्यांत पंप दोनेक सेकंद गुणगुणतो तेवढं सोडलं, तर क्रँक सेन्सरकडून, म्हणजे क्रँकशाफ्टचं फिरणं ओळखणाऱ्या सेन्सरकडून, ‘इंजिन फिरतंय’ अशी खबर आल्याशिवाय ईसीयू तो हुकूम देतच नाही. अपघातात इंजिन बंद पडलं तर पंप पेट्रोल ओतत राहू नये, म्हणून ही सोय आहे. त्यामुळे क्रँक सेन्सर गेला की स्पार्क, पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आणि पंप तिघंही एकदम गप्प होतात. मिस्त्रीच्या लक्षात त्यातला फक्त पंप गप्प असल्याचं येतं, कारण तो तेवढंच ऐकायला मागच्या सीटपाशी वाकलेला असतो.

बंद पडताना गाडी कशी वागली, ते आठवा. आचके खात, पिकअप सोडत, चढावर दम तोडत बंद पडली असेल तर पेट्रोलच्या बाजूला बघा: पंप, जाळी, फिल्टर. किल्ली काढल्यासारखी एका क्षणात गेली आणि गाडी गिअरमध्ये घरंगळत असतानाच आरपीएमचा काटा शून्यावर पडला असेल, तर दोष बहुतेक सेन्सर, मेन रिले किंवा इग्निशनच्या वायरिंगचा.

आमच्या साडूंच्या गाडीचं अगदी हेच होतं, आणि त्यावरून आमचा वाद जुना आहे. त्यांचं निदान ‘व्हेपर लॉक’, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ होऊन पुरवठा अडणं. मे महिन्यात विजयनगरच्या सिग्नलवर गाडी बंद पडली की ते कुठून तरी पाणी आणायचे, इंजिनवरच्या पेट्रोलच्या पाइपवर ओला कपडा टाकायचे, आणि गाडी चालू व्हायची. झालं सिद्ध! दरम्यान पंप, फिल्टर, प्लग, हाय टेन्शन वायरी, सगळं बदलून झालं होतं.

व्हेपर लॉक ही खरी गोष्ट आहे, पण ती ॲम्बेसेडर, पद्मिनी आणि कार्बोरेटरवाल्या मारुती ८०० ची. त्यांत पंप इंजिनवरच बसवलेला असतो आणि टाकीतून पेट्रोल ओढून घेतो. ओढणाऱ्या नळीत दाब कमी, त्यात इंजिनची धग, म्हणून पेट्रोल तिथेच उकळून वाफ धरतं. एमपीएफआय गाडीत, म्हणजे कार्बोरेटरऐवजी इंजेक्टर असलेल्या गाडीत, पंप टाकीच्या आत, आणि नळीत साधारण तीन बारचा दाब. तिथे व्हेपर लॉक जवळजवळ होतच नाही. साडूंची गाडी कपड्याने चालू होत नव्हती. पाणी शोधून आणेपर्यंत सेन्सर थंड व्हायचा, म्हणून चालू व्हायची.

शेवटी गाडी गरम असतानाच पडताळा घेतला. आधी त्यांच्या समाधानासाठी पाइपवर ओला कपडा: स्टार्ट नाही. मग क्रँक सेन्सरचा कपलर (वायर जोडायचं सॉकेट) काढून मीटर लावला: सर्किट उघडं, म्हणजे आत कुठेतरी तुटलेलं. बाटलीतलं पाणी हळूहळू फक्त सेन्सरवर सोडलं, आणि दोन-तीन मिनिटांत मीटरवर सातशेच्या आसपास ओहम दिसले. कपलर लावला, सेल्फ मारला, चालू. साडूंचं मत अजूनही असं, की "दोन्हींचा परिणाम झाला असेल."

या सेन्सरच्या आत केसासारख्या बारीक तारेची गुंडाळी असते. गरम होऊन पसरली की तार कुठेतरी तुटते, थंड झाली की पुन्हा टेकते. म्हणून टो करून गॅरेजमध्ये नेईपर्यंत गाडी शहाणी होते आणि मिस्त्रीला दोष सापडत नाही. थंड सेन्सरचे ओहम बरोबर आले यावरून काहीच ठरत नाही. मोजायचं तर बंद पडल्या जागी मोजा. दोन तारांचा चुंबकी सेन्सर बहुधा ५०० ते १,००० ओहम दाखवतो. तीन तारांचा हॉल सेन्सर असेल तर ओहम मोजू नका, कपलरवर सप्लाय आणि अर्थिंग येतं का ते बघा. स्कॅनर जोडता आला तर पी०३३५ हा क्रँक सेन्सरच्या दोषाचा कोड मिळतो किंवा सेल्फ मारताना आरपीएम शून्य दिसतो. मात्र २००४ च्या गाडीशी प्रत्येक स्वस्त ब्लूटूथ स्कॅनर बोलतोच असं नाही.

मीटर नसेल तर जुना प्लग हाय टेन्शन वायरीला लावून त्याची धातूची बाजू इंजिनला घट्ट टेकवा आणि सेल्फ मारायला सांगा. वायर हवेत मोकळी ठेवून ठिणगी बघू नका, कॉइल किंवा ईसीयू जाईल. स्पार्क नाही आणि पंपही नाही, तर पंपावर पैसे घालू नका. स्पार्क निळा, कडक आहे आणि पंप गप्प, तेव्हा पंपाकडे वळा. सेल्फ मारताना पंपाच्या कपलरवर १२ व्होल्टच्या जवळपास येत असतील, अर्थिंग चांगलं असेल आणि तरी पंप फिरत नसेल, तरच पंप गेला. व्होल्ट आलेच नाहीत तर त्याच मापाचा हॉर्नचा रिले पंपाच्या जागी लावून बघा. टाकीला खालून रबरी हातोड्याने ठोकल्यावर चालू झाली तर पंपाच्या मोटरचे ब्रश झिजलेत, तेव्हा मिस्त्री बरोबर.

नवा सेन्सर बसवताना कपलरमधला हिरवा गंज आणि त्यामागची पाच-सहा इंच वायर उघडून बघा, कधी तारच आतून तुटलेली असते. वायर सायलेन्सरच्या पाइपपासून लांब बांधा.

आता राहिलेलं. पाणी ओतताना ते गरम एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर जाऊ देऊ नका, बिडाचा असेल तर तडकतो. सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सरसर फिरत असेल तर लगेच थांबा, टायमिंग बेल्ट तुटलेला असू शकतो. ऑइलचं झाकण उघडून एकदाच सेल्फ मारा. आत कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) फिरताना दिसला नाही तर पुढे मारू नका, व्हॉल्व्ह वाकू शकतात. आणि गाडीला सीएनजी किट असेल, तुम्ही टाकीत कायम रिझर्व्हपुरतंच पेट्रोल ठेवत असाल, तर माझं वरचं सगळं बाजूला ठेवून आधी पंपच तपासा. पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो, आणि बऱ्याच किटमध्ये तो गॅसवरही फिरतच असतो. टाकी पावच्या खाली जाऊ देऊ नका.