रेडकांच्या खुराकात पेंड किती आणि कशी

भाऊ, ऊसतोडीच्या हंगामात आपल्याकडं वाढं, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, मुबलक असतं. त्यानं पोट भरतं, मांस चढत नाही. सुक्या वजनावर त्यात प्रथिनं जेमतेम ५-६ टक्के, वाढत्या रेडकाला हवीत १२-१३ टक्के. ही तूट पेंडीनं भरायची.

१५० किलोच्या रेडकाला रोज ८-९ किलो कुट्टी केलेलं हिरवं वाढं, अर्धा किलो शेंगदाणा पेंड, अर्धा किलो सरकी पेंड, अर्धा किलो मक्याचा भरडा, ३० ग्रॅम खनिज मिश्रण आणि थोडं मीठ द्या. भरडा वगळून नुसती पेंड वाढवू नका. पोटातल्या जिवाणूंना भरड्याची ताकद मिळाली नाही, तर महागडं प्रथिन लघवीवाटे जातं. खुराक दहा-बारा दिवसांत हळूहळू वाढवा, दोन वेळांत विभागून द्या.

वाढ्यातलं ऑक्झॅलेट नावाचं द्रव्य कॅल्शियम धरून ठेवतं, म्हणून कुट्टीवर चुन्याची निवळी (चुना खाली बसल्यावरचं स्वच्छ पाणी) शिंपडा.

पावसाळ्यात शेंगदाणा पेंड फोडून, हुंगून बघा. बुरशीचा वास आला तर ती टाकूनच द्या. बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, उकळूनही जात नाही.

प्रथिनांसाठी पेंडीऐवजी युरिया स्वस्त पडतो, पण नवख्यानं त्याच्या वाटेला जाऊ नये. सहा महिन्यांखालच्या रेडकांना तर मुळीच नको. पाण्यात विरघळलेला युरिया जनावर प्यायलं, तर लाळ, थरथर, पोटफुगी आणि तासाभरात मरणही येतं. तसं दिसलं की लगेच डॉक्टर बोलवा.

रेडकाची वाढ कळावी म्हणून दर पंधरवड्याला छातीचा घेर टेपनं मोजून लिहा.