ब्लूग्रास ऐकायचंय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : बँजोचा (गोल, चामड्याने मढवलेल्या अंगाच्या पाश्चात्त्य तंतुवाद्याचा) आवाज फार आवडला, पण ब्लूग्रासची, म्हणजे तंतुवाद्यांवरच्या त्या अमेरिकी ग्रामीण संगीताची, सगळी गाणी एकसारखीच वेगवान वाटतात. काय ऐकू?

उत्तर : मलाही सुरुवातीला तसंच वाटायचं. अमेरिकेतल्या केंटकी राज्याच्या बिल मन्रो यांच्या 'ब्लू ग्रास बॉइज' या बँडपासून सुरुवात करा. या संगीताला नाव त्यांच्याच बँडवरून मिळालं. १९४५च्या अखेरीस बँजोवादक अर्ल स्क्रग्ज त्यात आले. अंगठा आणि दोन बोटं वापरून ते बँजो असा वाजवत की सूर झऱ्यासारखे सलग वाहतात. त्या काळातली १९४६-४७ची रेकॉर्डिंग्ज शोधा.

एकच गाणं तीनदा ऐका. पहिल्यांदा फक्त बँजोकडे लक्ष द्या. मग मॅन्डोलिनकडे. पारंपरिक ब्लूग्रासमध्ये ड्रम नसतो; बेस (खर्जातलं मोठं तंतुवाद्य) ठोका देतो आणि दोन ठोक्यांच्या मधोमध मॅन्डोलिनचा तुटक 'चक्' येतो. तो एकदा कानाला सापडला की वेगाचा गोंधळ वाटत नाही. तिसऱ्यांदा मुख्य आवाजाच्या वर चढणारा दुसरा आवाज ऐका.

आणि संथ गाणी टाळू नका! स्टॅनले ब्रदर्स या ब्लूग्रास गाणाऱ्या भावांच्या आवाजातलं एकाकीपण मला अजूनही हलवून जातं.