पाळीच्या कळा : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे

गेल्या अंकात मुलींच्या पहिल्या पाळीविषयी लिहिले होते. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे दुखण्याविषयी आहेत, आणि जवळजवळ प्रत्येकीने आपले दुखणे दुसऱ्या कोणाच्या तरी दुखण्याशी ताडून पाहिले आहे: आईच्या, जावेच्या, खोलीतल्या मैत्रिणीच्या. त्यांतील पाच पत्रे येथे घेत आहे. नावे अर्थातच छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे लग्न अठराव्या वर्षी झाले, तीन मुले झाली. पाळीच्या दिवसांतही मी भांगलणीला गेले, कधी पोट धरून बसले नाही. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे. पाळीच्या पहिल्या दिवशी तिला उलट्या आणि जुलाब होतात, ती पोटाशी पाय घेऊन पडून राहते आणि दर महिन्याला दोन दिवस कॉलेज बुडते. सासूबाई म्हणतात की ही कामे चुकवायची सोंगे आहेत, लग्न झाले की थांबतील. ती खरेच इतकी नाजूक आहे का?
(एक आई, वाळवा तालुका, जि. सांगली)

उत्तर : ताई, तुमची मुलगी नाजूक नाही आणि ती सोंगही करत नाही. उलट्या आणि जुलाब यांचा तुम्ही जो उल्लेख केला आहे, त्यावरूनच हे दुखणे कोठून येते ते कळते. पाळी येण्याच्या सुमारास गर्भाशयाच्या आतल्या अस्तरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये तयार होतात. त्यांच्यामुळे गर्भाशयाचा स्नायू आवळतो आणि अस्तर बाहेर पडते. ही द्रव्ये ज्या स्त्रीच्या शरीरात अधिक प्रमाणात तयार होतात, तिचा स्नायू इतका जोरात आवळला जातो की त्याचा स्वतःचा रक्तपुरवठा काही क्षण तुटतो, आणि रक्त कमी पडलेला कोणताही स्नायू जसा कळ मारतो तशीच कळ ओटीपोटातून उठून कंबरेत आणि मांड्यांत उतरते. तीच द्रव्ये आतड्यांवरही परिणाम करतात, म्हणून जुलाब होतात. मळमळ आणि डोकेदुखीही त्यांच्यामुळेच होते. ज्या मुलीच्या शरीरात ही द्रव्ये कमी बनतात, तिला त्या दिवशी ओटीपोटात थोडे जड वाटते, एवढेच. दोघींच्या सहनशक्तीत फरक असेलच असे नाही. फरक आत तयार होणाऱ्या द्रव्याच्या प्रमाणात असतो.

आता तुमच्या स्वतःच्या अनुभवाविषयी. अशा प्रकारचे दुखणे पाळी सुरू झाल्यावर सहा महिन्यांनी ते दोन वर्षांनी, म्हणजे स्त्रीबीज नियमित सुटू लागल्यावर सुरू होते, ऐन तारुण्यात ते सर्वांत जास्त असते आणि वय वाढेल तसे, विशेषतः बाळंतपणानंतर, पुष्कळ जणींचे ते कमी होते. तुमचे लग्न अठराव्या वर्षी झाले. पाठोपाठ गरोदरपणे आली, मुले अंगावर पिऊ लागली, आणि या काळात पाळी एकतर येत नाही किंवा उशिरा परत येते. ज्या वर्षांत दुखणे जोरात असते, त्या वर्षांत तुम्हाला किती वेळा पाळी आली असेल, याचा जरा हिशेब करून पाहा. तुमच्या मुलीला मात्र ती दर महिन्याला येते आहे, आणि तशीच ती आणखी अनेक वर्षे येणार आहे. लग्नाने थांबेल असे जे सासूबाई म्हणतात, त्यामागे हेच जुने निरीक्षण असावे. पण कमी होते ते बाळंतपणानंतर, तेही सर्वांचे नाही, आणि दुखणे थांबावे म्हणून सतराव्या वर्षी कोणी मुलीचे लग्न करू नये.

तिला स्त्रीरोगतज्ज्ञांकडे एकदा घेऊन जावे. आतून तपासणी करतील या भीतीने कित्येक आया मुलींना दवाखान्यात आणत नाहीत, म्हणून स्पष्ट लिहिते: अविवाहित मुलीची सोनोग्राफी लघवी भरलेली असताना पोटावरून केली जाते आणि बहुतेक वेळा तेवढे पुरते. एक गोष्ट मात्र आठवून सांगावी. पहिल्याच पाळीपासून दुखत होते आणि महिन्यागणिक वाढतच गेले, असे असेल तर गर्भाशयाच्या किंवा योनिमार्गाच्या जन्मजात रचनेत अडथळा नाही ना, हे पाहावे लागते.

प्रश्न : मी परभणीची, पुण्यात वसतिगृहात राहून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. दुखणे असह्य झाले की गोळी घेते, पण ती लागू पडेपर्यंत अर्धा दिवस जातो. माझ्या खोलीतल्या मैत्रिणीला नुसते ओव्याचे पाणी पिऊन बरे वाटते. आजी म्हणते की या गोळ्यांनी पुढे मूल राहत नाही. मला गोळीची सवय लागेल का?
(एक विद्यार्थिनी, पुणे)

उत्तर : सवय लागणार नाही आणि मूल होण्यात कायमची अडचणही येणार नाही, हे तू आजीला माझ्या नावाने सांगू शकतेस. मेफेनॅमिक ॲसिड, आयबुप्रोफेन किंवा नॅप्रॉक्सेन या गोळ्या व्यसन लावणाऱ्या नाहीत. वर ज्या द्रव्यांविषयी लिहिले, ती शरीरात तयार होऊ न देणे हे त्यांचे काम आहे. म्हणूनच तुझी वेळ चुकते आहे. असह्य होईपर्यंत थांबलीस तर ती द्रव्ये तयार होऊन आपले काम सुरू करून बसलेली असतात. पाळी नियमित असेल तर रक्तस्राव दिसताक्षणी, किंवा कंबर भरून येऊ लागली की लगेच पहिली गोळी घ्यावी, आणि पुढचे एक-दोन दिवस डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने, जेवणानंतर घ्यावी. उपाशीपोटी घेऊ नये. वसतिगृहातल्या मुली सकाळी चहाच्या घोटाबरोबर गोळी गिळतात आणि नंतर पित्ताची तक्रार घेऊन येतात, हे मी नेहमी पाहते.

या गोळ्या सर्वांसाठी नाहीत. जठरात व्रण असेल, मूत्रपिंडाचा आजार असेल किंवा वेदनाशामक गोळीने दमा उठत असेल तर त्या टाळाव्यात. पावसाळ्यात ताप आलेला असताना, विशेषतः डेंग्यूची शंका असताना, त्या मुळीच घेऊ नयेत, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. तेव्हा पॅरासिटामॉलच बरे. २०२३ च्या अखेरीस भारतीय औषधसंहिता आयोगाने मेफेनॅमिक ॲसिडविषयी एक सावधगिरीची सूचना काढली होती. या औषधाने क्वचित कोणाला अंगावर पुरळ, ताप, गाठी सुजणे आणि यकृतासारख्या अवयवांना इजा अशी गंभीर प्रतिक्रिया येऊ शकते. ती फार विरळा आहे, पण गोळी घेतल्यावर काही आठवड्यांत पुरळ आणि ताप एकत्र दिसले तर गोळी बंद करून त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. औषधाच्या दुकानातून मैत्रिणीच्या चिठ्ठीवर पाकीट आणू नये, असे मी म्हणते ते यासाठी.

ओव्याच्या पाण्याला मी नावे ठेवत नाही. तुझ्या मैत्रिणीचे दुखणे तेवढ्याने शमत असेल तर तिला गोळीची गरजच नाही. शेकाला मात्र तुम्ही दोघींनीही कमी लेखू नये, कारण ओटीपोटावर सतत ठेवलेली ऊब ही कित्येक जणींना गोळीइतकीच उपयोगी पडते, असे अभ्यासांतही दिसून आले आहे. माझी आत्या चुलीजवळ वीट तापवून ती जुन्या लुगड्याच्या चार पदरी तुकड्यात गुंडाळून द्यायची, आणि पदर मोजून देण्याबाबत ती फार काटेकोर होती, कारण तीन पदरांनी कातडी भाजत असे. गरम पाण्याच्या पिशवीलाही तोच नियम लावावा: पिशवी कधीही उघड्या अंगावर ठेवू नये. बाकी, आठवड्यातून तीन वेळा पाऊण ते एक तास व्यायाम करणाऱ्या मुलींचे दुखणे पुढच्या महिन्यांत कमी होत जाते, असेही आढळले आहे. हा व्यायाम महिनाभर करायचा आहे. कळा येत असताना उठून योगासने केलीच पाहिजेत, असा त्याचा अर्थ नव्हे.

दोन-तीन पाळ्यांत गोळी वेळेवर घेऊनही फरक पडला नाही, तर संप्रेरकांच्या, म्हणजे ज्यांना आपण गर्भनिरोधक म्हणतो त्या गोळ्यांचा विचार डॉक्टर करतात. त्यांनी अस्तर पातळ राहते आणि दुखवणारी द्रव्येही कमी बनतात. डोळ्यांपुढे चकाकी येऊन अर्धशिशी उठत असेल किंवा घरात कोणाला रक्ताची गुठळी झाली असेल, तर ते डॉक्टरांना आधी सांगावे.

प्रश्न : वय ३१, नोकरी करते, लग्नाला चार वर्षे झाली. पूर्वी पहिल्या दिवशीच दुखायचे. आता पाळीच्या चार दिवस आधीपासून दुखू लागते आणि पाळी संपल्यावरही ओटीपोट ठणकत राहते. त्या दिवसांत शौचाला बसताना आणि एरवी संबंधाच्या वेळीही खोल आत दुखते. सोनोग्राफी दोनदा केली, दोन्ही वेळा काही निघाले नाही. मूल झाले की बरे वाटेल, असे सांगून मला परत पाठवले गेले. हे मनाचे खेळ आहेत, असे आता मलाच वाटू लागले आहे.
(डोंबिवली)

उत्तर : तुमच्या मनाचा यात काही दोष नाही. तुम्ही चार ओळींत जे लिहिले आहे, ते एंडोमेट्रिओसिसचे जवळजवळ पाठ्यपुस्तकातले वर्णन आहे. गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी या आजारात गर्भाशयाबाहेर, अंडाशयांवर, आतड्यांजवळ किंवा ओटीपोटाच्या पडद्यावर रुजतात, दर महिन्याला तेथे सूज येते आणि हळूहळू अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगातील प्रजननक्षम वयाच्या सुमारे १० टक्के स्त्रियांना, म्हणजे १९ कोटींच्या आसपास बायकांना हा आजार आहे. असे असूनही निदानाला वर्षेच्या वर्षे जातात, कारण ‘पाळीत दुखतेच’ या एका वाक्यावर घरातले आणि पुष्कळदा डॉक्टरही थांबतात.

अंडाशयावर ‘चॉकलेट सिस्ट’, म्हणजे जुन्या रक्ताने भरलेली गाठ, झालेली असेल तर ती साध्या सोनोग्राफीत दिसते, पण पडद्यावर पसरलेले लहान ठिपके आणि चिकटलेले भाग बहुधा दिसत नाहीत. त्यामुळे सोनोग्राफी चांगली आली म्हणजे आजार नाही, असे ठरत नाही. या आजाराचा अनुभव असलेल्या तज्ज्ञांकडून योनिमार्गातून सोनोग्राफी किंवा गरजेप्रमाणे एमआरआय करून घ्यावा. दुर्बिणीची शस्त्रक्रिया करूनच निदान पक्के करावे, हा आग्रहही आता पूर्वीसारखा राहिलेला नाही. लक्षणे स्पष्ट असतील तर डायनोजेस्टसारखी संप्रेरके आधी देऊन पाहतात. मात्र या औषधांच्या काळात सहसा दिवस राहत नाहीत, म्हणून मूल हवे आहे की तूर्त नको, हे पहिल्याच भेटीत सांगावे, म्हणजे उपचाराची दिशा त्याप्रमाणे ठरेल. मूल हे या आजाराचे औषध नाही. गरोदरपणात दुखणे थांबते, पण नंतर ते परतही येते, आणि या आजारात कित्येकींना दिवस राहायलाच वेळ लागतो. तशा बाईला ‘मूल होऊ द्या’ असे सांगून परत पाठवणे मला फार निष्ठुरपणाचे वाटते.

जाताना दुखण्याची नोंद सोबत न्यावी. माझ्याकडे एक बाई भिंतीवरच्या दिनदर्शिकेची सहा पानेच घेऊन आल्या होत्या. दुधाच्या हिशेबाशेजारी दुखण्याच्या दिवसांवर त्यांनी लाल वर्तुळे केली होती आणि ज्या दिवशी रजा घेतली त्या दिवशी दोन वर्तुळे. पहिल्या पानावर तीन वर्तुळे होती, सहाव्यावर अकरा. त्या पानांमुळे माझे निम्मे निदान त्या खुर्चीत बसण्याआधीच झाले.

प्रश्न : मी आशा सेविका आहे. आमच्या वस्तीतली एक बाई, वय २९, दोन मुले, दरवर्षी नवऱ्याबरोबर ऊसतोडीला जाते. पाळीत कंबर धरते आणि अंगावरून पांढरे जाते. खासगी दवाखान्यात तिला सांगितले की पिशवीला सूज आहे, काढली नाही तर कॅन्सर होईल. मुकादमाकडून उचल घेऊन ऑपरेशन करायचे, असे घरात ठरते आहे. मी काय सांगू?
(बीड जिल्हा)

उत्तर : ताई, तिला थांबवा. पांढरे जाणे हे पुष्कळदा जंतुसंसर्गाचे लक्षण असते, आणि दिवसभर फडात, धड पाणी नाही, आडोसा नाही, एकच कापड संध्याकाळपर्यंत, अशा स्थितीत संसर्ग होणे सहज शक्य आहे. त्यावर गोळ्यांचा उपचार आहे आणि तो नवऱ्यालाही एकाच वेळी द्यावा लागू शकतो. कंबरदुखीचे म्हणाल तर उसाच्या मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवणाऱ्या बाईची कंबर पिशवी काढून थांबणार नाही. कॅन्सरची भीती घातली असेल तर गर्भाशयमुखाची तपासणी सरकारी रुग्णालयात होते. ती आधी करून घ्यावी.

तुमच्या जिल्ह्यात हे किती झाले आहे, ते तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. २०१९ साली राज्य सरकारने नेमलेल्या समितीपुढे जी पाहणी आली, तीत ऊसतोडीला जाणाऱ्या सुमारे ८२ हजार महिलांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. दुखणे हे एक कारण होते, पण त्यामागे खाड्याची भीती होती: एक दिवस काम बुडाले की कोयत्याचे, म्हणजे जोडप्याचे, पैसे कापले जातात. दर महिन्याचे ते दोन-तीन दिवसच नकोत, म्हणून पिशवी काढायची. या बायकांना मी अडाणी म्हणणार नाही. त्यांच्यापुढे जो हिशेब मांडला गेला तो त्यांनी केला. परंतु त्या हिशेबात पुढची वर्षे धरलेली नव्हती. बरोबर अंडाशयेही काढली तर एकोणतिसाव्या वर्षी पाळी कायमची जाते, अंगातून वाफा निघतात, हाडे ठिसूळ होतात आणि हृदयविकाराचा धोकाही वाढतो. अंडाशये ठेवली तरी रजोनिवृत्ती काहीशी लवकर येऊ शकते.

त्याच वर्षी बीडमध्ये खासगी रुग्णालयांना अशी शस्त्रक्रिया करण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचे आदेश निघाले होते. तिच्याबरोबर तुम्ही स्वतः जिल्हा रुग्णालयात जा, कागदपत्रे दाखवा आणि दुसरे मत घ्या. टोळी निघण्याआधी वेदनाशामक गोळ्या कशा घ्यायच्या, हे तिला समजावून सांगा आणि हिमोग्लोबिन तपासून लोहाच्या गोळ्याही द्या. गर्भाशय काढण्याची खरी गरज काही स्त्रियांना असते; मोठ्या गाठी असतात, कशानेही न थांबणारा रक्तस्राव असतो. तो निर्णय तपासण्या आणि इतर उपचार करून झाल्यावर घ्यायचा असतो.

प्रश्न : दुसऱ्या बाळानंतर तांबी बसवली. आता पाळीत जास्त दुखते आणि अंगावरून जास्त जाते. काढून टाकू का?
(मडगाव)

उत्तर : तांबीने पहिले तीन ते सहा महिने दुखणे आणि स्राव वाढतो, नंतर तो बहुधा कमी होतो. तोवर वर सांगितलेल्या गोळ्या घेता येतात. सहा महिन्यांनंतरही त्रास असेल तर ती काढून संप्रेरक सोडणारे साधन बसवता येते, त्याने स्राव आणि दुखणे दोन्ही कमी होतात. मात्र तांबी असताना पाळी चुकली आणि ओटीपोटात एका बाजूला जोरात दुखू लागले, तर घरी शेकत बसू नये. लघवीची तपासणी त्याच दिवशी करावी आणि ती होकारार्थी आली तर लगेच रुग्णालयात जावे, कारण गर्भ नळीत राहिलेला असू शकतो.