अमेरिकेतल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या इथिओपियन वस्तीत एचआयव्हीचं काम सुरू करताना

नुसता ‘एचआयव्ही तपासणी’ असा फलक लावाल तर कुणी फिरकणार नाही. त्या टेबलाशी दिसणं हीच बदनामी. रक्तदाब, साखर आणि एचआयव्ही एकत्र ठेवा, सगळ्यांना एकसारखं विचारा.

सगळ्यात जपायचं ते दुभाषा निवडताना. आधी भाषा विचारा: अम्हारिक, ओरोमो की तिग्रिन्या? नातेवाईक नकोच, मुलं तर मुळीच नकोत. दुभाषा ओळखीतला निघाला की माणूस गप्प होतो. म्हणून फोनवरचा, दुसऱ्या शहरातला घ्या आणि त्याला रुग्णाचं नाव सांगू नका.

निदान झालं की देशाबाहेर काढतील, ही भीती खोल असते. एचआयव्हीबाधितांवरची प्रवेशबंदी अमेरिकेने ४ जानेवारी २०१० पासून उठवली, हे आधी सांगा. पवित्र जलाने आजार बरा होतो अशी श्रद्धा असेल तर वाद घालू नका. २००७ मध्ये खुद्द इथिओपियन ऑर्थोडॉक्स चर्चचे तेव्हाचे धर्मप्रमुख अबुने पॉलोस यांनी जलाबरोबर एचआयव्हीच्या गोळ्याही घ्या, असं सांगितलं होतं.

बोटाच्या रक्तावरच्या झटपट चाचणीत संसर्ग दिसायला ९० दिवस लागू शकतात, शिरेच्या रक्तावरच्या प्रयोगशाळेतल्या अँटिजन-अँटिबॉडी चाचणीत ४५. त्याआधीच्या ‘निगेटिव्ह’वर विसंबू नका, पुढची तारीख हातात द्या. जोखीम ७२ तासांच्या आतली असेल तर मात्र थांबू नका: त्याच दिवशी पेप (संसर्ग रोखण्यासाठी संपर्कानंतर घ्यायची औषधं) सुरू करा, पूर्ण २८ दिवस.