अमेरिकेत अपंगांच्या व्यवसाय पुनर्वसनाचा (म्हणजे त्यांना कामधंद्याला लावण्यासाठीच्या मदतीचा) खर्च केंद्र करतं की राज्य?

दोघं मिळून, पण वाटा सारखा नाही. शंभर डॉलर खर्च झाले तर केंद्राचे ७८.७०, राज्याचे २१.३०. १९२० साली सुरुवात झाली तेव्हा निम्मे-निम्मे होते. आताची चौकट १९७३ च्या पुनर्वसन कायद्याची.

खरी गोम पुढे आहे. राज्याने आपला हिस्सा काढला नाही, तर त्यावरचा केंद्राचा पैसाही हातचा जातो आणि मागणाऱ्या दुसऱ्या राज्यांना मिळू शकतो. म्हणजे एक डॉलर वाचवायला जाऊन जवळपास पावणेचार घालवायचे! (असला शहाणपणा राज्यं करतातही.) पैसा पुरला नाही की सर्वांत तीव्र अपंगत्व असलेल्यांचा नंबर आधी. बाकीच्यांचं वेल्डिंगचं प्रशिक्षण, श्रवणयंत्र, पायांऐवजी हातांनी गाडी चालवायचे हँड कंट्रोल वगैरे सगळं प्रतीक्षायादीत.