प्रार्थना करूनही भीती जात नाही, म्हणजे विश्वास कमी पडतोय का?

हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणीतरी विचारतंच. बाकीच्या घरातल्या बायका म्हणतात एवढं पारायण केलं, एवढे उपवास केले तरी काही फरक नाही. ख्रिस्ती घरातली माणसं मात्र "माझा विश्वास कमी पडतोय" असं म्हणतात, म्हणजे दुखणं तर आहेच अन् वरून दोषही स्वतःचाच. म्हणून एक केस सांगते, ओळख पटू नये म्हणून बरंच बदललंय.

जालन्याची ताई, पंचेचाळिशीची, शाळेत शिकवते. नवऱ्याच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, आठवड्यातून 2 वेळा डायलिसिस, एकेका वेळेला 4 तास. डायलिसिसचा खर्च महात्मा फुले योजनेतून निघत होता पण रिक्षाभाडं, बाहेरून आणायच्या गोळ्या अन् दिवसाला मोजून पाणी प्यायचं म्हणून सारखा चिडणारा नवरा, हे कोणत्या योजनेत बसतं? ताईला पहाटे तीनला जाग यायची, छातीत धडधड, हातपाय गार. ईसीजी दोनदा काढला, नॉर्मल. डॉक्टर म्हणाले टेन्शन आहे, समुपदेशनाला जा, म्हणून माझ्याकडं आली.

पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, आमचे आजे-पणजे बेथेलचे." जालन्याजवळ रेव्हरंड नारायण शेषाद्रींनी एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती लोकांसाठी वसवलेलं गाव ते. "इतक्या पिढ्या विश्वासात गेल्या, कुणाचा डगमगला नाही, माझाच कामून कमी पडला?" त्यात चर्चच्या मंडळीतल्या एका बाईनं ऐकवलेलं, कुठंतरी पाप लपलेलं असंल, कबूल कर म्हणजे नवरा उठंल. (बायबलमध्ये ईयोब नावाच्या भल्या माणसावर संकटं कोसळतात, त्याचे मित्र सात दिवस नुसते गप्प बसून होते तोवर खरंच कामाचे होते, तोंड उघडलं अन् सगळं बिघडलं.)

तिच्याकडं एक प्रार्थनेची वही होती, दोनशे पानी. पानाच्या मधोमध पट्टीनं रेघ, डावीकडं विनंती, उजवीकडं उत्तर. मशीन वेळेवर मिळू दे, समोर बरोबरची खूण. रिक्षा मिळू दे, खूण. मुलीची फी भरली जाऊ दे, खूण अन् खाली धन्यवाद प्रभू. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) कमी होऊ दे, हे आठ महिने रोज लिहिलेलं अन् समोर कोरं. आणि प्रत्येक पानाच्या अगदी तळाला पेन्सिलीनं, बारीक अक्षरात, "क्षमा कर". मी वीसेक पानं चाळली, एकही पान सुटलेलं नव्हतं.

इथं माझी चूक झाली. तिला शुगर, त्यात बुधवार शुक्रवार उपवास, म्हणून मी म्हणाले ताई उपवास बंद करा अन् पहाटे उठून प्रार्थना करत बसू नका, झोप महत्त्वाची. तिनं वही पर्समध्ये ठेवली, सलाम मॅडम म्हणाली अन् तीन आठवडे आली नाही. माझे वडील वारकरी, त्यांना कुणी गुडघे दुखतात तर वारी सोडा म्हणलं असतं तर त्यांनी त्या माणसाशी बोलणंच सोडलं असतं, हे मला आधी सुचायला पाहिजे होतं. मी फोन केला, चुकलं म्हणाले, वही घेऊन या म्हणाले, बायबलपण आणा.

आली. मी विचारलं, या वहीत रागाचं काही लिहिलंय का? तर म्हणे, "देवावर राग? पाप लागंल ना." मग तिला बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं, दावीद राजाचं 13 वं स्तोत्र मोठ्यानं वाचायला लावलं. एका ख्रिस्ती मैत्रिणीकडून मला एवढं माहीत होतं की दीडशे स्तोत्रांपैकी जवळपास तिसरा हिस्सा तक्रारीचा आहे आणि 88 वं तर अंधारातच संपतं. 13 च्या सुरुवातीलाच दावीद देवाला कोठवर, कोठवर असं परत परत विचारतो, विसरलास का मला म्हणतो. तिनं पाठ असल्यासारखं भराभर वाचलं. मी म्हणाले, मग दाविदाचा विश्वास कमी होता का?

बराच वेळ गप्प. मग बायबलकडं बघतच बोलायला लागली, पण माझ्याशी नाही. "देवा, ते माणूस पाणी मागतंय. अर्धा गिलास पाणी. अन् मी बायको असून नाही म्हणते, रोज नाही म्हणते, तुला दिसत नाही का रे?" आणि रडली. तोवर माझ्यासमोर ती एकदाही रडली नव्हती.

ज्यांना तोच प्रश्न पडलाय त्यांना सांगते, ती धडधड म्हणजे विश्वासाचं मीटर नाही. झोप नाही, पोट रिकामं, महिनोन् महिने धोका समोर, मग शरीर घंटा वाजवणारच, पाळकाच्या, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूच्या, घरातही वाजते. क्रुसावर जायच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनं हा दुःखाचा प्याला टळू दे अशी तीनदा तीच प्रार्थना केली अन् तरी प्याला टळला नाही, हे ताईनंच मला सांगितलं, पण स्वतःला लावून कधी बघितलं नव्हतं.

उपवासाचं मी परत काढलं नाही. तिच्या परवानगीनं पाळक साहेबांशी बोलले. मला वाटलं आता वाद होईल, पण त्यांनी तिला बायबलमधल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट सांगितली, झुडपाखाली पडून मरण मागणारा एलीया, देवदूत येऊन त्याला उपदेश करत नाही, भाकर अन् पाणी देतो, झोपू देतो, परत उठवून खाऊ घालतो. शुगर असताना पोट रिकामं ठेवू नका म्हणाले, एक वेळ मोबाइल सोडा, तोच उपवास. डायलिसिसच्या दिवशी भगिनी मंडळाकडून डबा यायला लागला. पाप शोधणारी बाईपण आणते म्हणे, वांग्याची भाजी छान करते.

मरणाचे विचार येतात का हे मी सरळ विचारलं, विचारावंच लागतं. कधीकधी वाटतं म्हणाली, पण तसं काही करायचा विचार नव्हता. तिला जिल्हा रुग्णालयात मनोविकार तज्ज्ञांकडं पाठवलं अन् टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 नंबर वहीच्या पुठ्ठ्यावर लिहून दिला, कारण पहाटे तीनला मी नसते. गोळी सुरू झाली, पहिले दोन आठवडे "काहीच फरक नाही" म्हणत होती, हळूहळू झोप पाच तासांवर आली. भीती गेली नाही. नवरा तसाच आहे.

परवा आली तेव्हा वही दाखवली. क्रिएटिनिनच्या समोर अजून कोरंच आहे, पण तळाला पेन्सिलीऐवजी पेनानं "कोठवर" लिहिलेलं, काही पानांवर दोनदा. मग म्हणाली, मॅडम, एक अडचण आहे, नऊला गोळी घेते अन् साडेनऊला घरची प्रार्थना, मधीच डुलकी लागते, पोरगी हसते. मी म्हणाले, डॉक्टरांना विचारून गोळी दहाला घ्या, प्रार्थना आधी.

"डुलकी आली की हे हळूच माझ्या अंगावर चादर टाकतात," ती म्हणाली, "मग राहू द्या नऊलाच."